जिना कुठे जातो?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून जवळपास जसंच्या तसं लिहून दिलं आहे.)

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरीसाहेब, कार्यकारिणीचे सदस्य, साडेआठची मालिका सोडून इथे आलेल्या समस्त वहिनी-काकू आणि त्यांच्या मागोमाग वर आलेले मित्रहो,

समितीने मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी 'ज्येष्ठ नागरिक आणि मुदत ठेवी' असं काहीतरी सांगेन. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? मी म्हटलं, मला टीव्ही मालिकांमधल्या घरांवर बोलायचंय. फोनवर थोडा वेळ काही ऐकूच आलं नाही. मग पलीकडून विचारणा झाली, "काका, घरांवर म्हणजे घरातल्या माणसांवर ना?" म्हटलं, नाही. घरांवरच. भिंती, दारं, सोफा, जिना. माणसं त्यातून आपोआप येतात.

आपली संस्था नोंदली गेली ती २००० साली. त्याच वर्षी ३ जुलैला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. तुळशी विराणी दार उघडून आपलं स्वागत करायची, आठवतं ना? ती मालिका २००८ पर्यंत चालली आणि यंदा, २०२५ च्या जुलैत, पुन्हा सुरू झाली. म्हणजे आपण आणि 'शांतिनिकेतन' बंगला एकाच वयाचे. फरक एवढाच की या पंचवीस वर्षांत आपण दोनदा रंग काढला, एकदा वॉटरप्रूफिंग केलं आणि अजून 'डी' विंगच्या गळतीवर चर्चा चालू आहे. त्यांच्या घरात कधी ओल आलेली मी तरी पाहिली नाही.

मी काही मालिकांचा भक्त नव्हतो. बघायची ती आमची सौ. मी पेपरच्या आडून टोमणे मारायचो, आणि टोमणे अर्थातच बँकेचे. सून येते, सासऱ्यापुढे फाइल ठेवते, सासरा न वाचता सही करतो, इस्टेट गेली! ना स्टॅम्प पेपर, ना साक्षीदार, ना रजिस्ट्रेशन. मी चिडायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, कागदाचं सोडा. त्यांचा जिना कुठे जातो ते बघा. वरच्या मजल्यावरची खोली म्हणतात आणि खिडकीबाहेर झाडाचा बुंधा दिसतो."

मी बघितलं. खरंच बुंधा होता. पहिल्या मजल्यावर शेंडा नाहीतर फांद्या दिसायला हव्यात. मी माणसं कशी खोटं बोलतात ते शोधत होतो आणि तिने घरच पकडलं होतं.

पुढे निवृत्तीनंतर याचा उलगडा झाला. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार होते, प्लायवूडचे व्यापारी. त्यांच्या कॅश क्रेडिटचं काम मी बघायचो. स्टॉक तपासायला जायचो तेव्हा माल इतका भराभर कुठे उठतो याचं मला कुतूहल होतं. ते म्हणायचे, "साहेब, माझ्या प्लायमध्ये सगळ्या महाराष्ट्राच्या सुना नांदतात." एके दिवशी मला ते घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका शेडमध्ये घेऊन गेले. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या ठाण्यात त्या रस्त्याला, तिकडे मढला, आणि गोरेगावच्या चित्रनगरीत बऱ्याच मालिकांची घरं आहेत.

बाहेरून गोदाम. आत शिरलो तर अंधार, पायाखाली केबल्सचं जाळं, आणि मधोमध लख्ख उजेडात एक श्रीमंत घर. घराला छत नव्हतं. वर लोखंडी पाइपांची जाळी, तिला दिवे टांगलेले. म्हणून मालिकेतल्या दिवाणखान्याचं छत आपल्याला सहसा दिसत नाही. आणि दिसलंच तर समजावं की तो खरा बंगला भाड्याने घेतलाय. भिंती प्लायच्या, मागून लाकडी चौकटींचे टेकू. टिचकी मारली की रिकाम्या खोक्यासारखा आवाज. चौथी भिंत नाहीच, तिथे तीन कॅमेरे. म्हणून सगळे सोफे एकाच दिशेला तोंड करून, आणि म्हणून आठ माणसं जेवायला बसली तरी टेबलाची एक बाजू रिकामी. आपल्याकडे अशी पंगत मांडली तर वाढणारा विचारील, या बाजूच्यांचा उपास आहे का?

आणि तो जिना. छान कठडा, लाल गालिचा. मी पायऱ्या मोजल्या, अकरा. चढायला लागलो तशी एका सेटिंगदादाने खालून हाक मारली, "काका, जपून हां. वर काही नाही." खरंच काही नव्हतं. फळ्यांचा एक लहानसा माचा, दाराची चौकट, त्यावर पडदा. पडद्यामागे उतरायला लोखंडी शिडी. 'वरची' बेडरूम शेडच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर. झाडाच्या बुंध्याचा हिशोब लागला.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "म्हणजे सगळे जिन्याने वर जातात आणि शिडीने खाली येतात. मग वर जातातच कशाला?"

मंडळी, आजचं माझं सगळं भाषण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

जिना असतो तो वर जाण्यासाठी नसतो, खाली येण्यासाठी असतो. सासूबाईंना खालच्या माणसांपेक्षा सहा पायऱ्या उंच उभं राहता यावं म्हणून. नवी सून पायरी पायरी उतरत असताना प्रत्येकाचा चेहरा दाखवता यावा म्हणून. त्यात अर्धं-एक मिनिट जातं, आणि रोज बावीसेक मिनिटं भरायची असतील तर अर्ध्या मिनिटाची किंमत फार. शिवाय कोणीतरी कधीतरी घसरून पडावं लागतंच. दिवाणखान्यातलं देवघरसुद्धा तसंच. आपल्याकडे देव स्वयंपाकघरात नाहीतर आतल्या खोलीत. मालिकेत ते हॉलमध्ये येतात, कारण शपथ सगळ्यांसमोर घ्यायची असते आणि निरांजन विझलं तर ते सगळ्यांना दिसायला हवं.

असं का होतं, तर त्यात पैशाचं गणित आहे, आणि तिथे मला जरा अधिकाराने बोलता येईल. रोजच्या मालिकेला आठवड्याला पाच-सहा भाग लागतात. म्हणजे दिवसाला साधारण एक भाग तयार व्हायला हवा. जे भाग तयार होऊन हातात शिल्लक असतात त्याला ती मंडळी 'बँक' म्हणतात! "आमची बँक संपत आली," असं तिथला एक सहायक म्हणाला तेव्हा मी दचकलोच. आता शिल्लक कमी असताना तुम्ही युनिट उचलून बाहेर रस्त्यावर न्याल, गर्दी आवराल, ढग जाण्याची वाट बघाल, की जिथे दिवे आधीच लागलेत त्या हॉलमध्ये आणखी एक प्रवेश कराल? सगळ्यात जास्त खर्च हॉलवर झालेला असतो, तो वसूलही हॉलमधूनच करायचा. लेखकाला हे न सांगता कळतं. मग लग्न हॉलमध्ये ठरतं, हॉलमध्ये मोडतं, इस्टेटीची वाटणी हॉलमध्ये, पोलीसही हॉलमध्ये येतात. पोलीस ठाणं, कोर्ट आणि हॉस्पिटल यांचे तयार सेट भाड्याने मिळतात, म्हणून हॉलचा कंटाळा आला की कोणाला तरी अटक होते नाहीतर अपघात होतो. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. एवढ्या काळात देशमुखांच्या हॉलने काय काय पाहिलं असेल!

पण मला खरा फरक वेगळाच वाटतो. बंगल्यातल्या गोष्टीत गुपित असतं आणि चाळीतल्या गोष्टीत बातमी असते. बघा, सगळी माणसं एका छपराखाली, बाहेरचं जग नाही, शेजार नाही. मग एकाची गोष्ट दुसऱ्याला कळणार कशी? खांबाआड उभं राहून चोरून ऐकूनच. म्हणून त्या हॉलला खांब असतात, पडदे असतात, अर्धवट उघडी दारं असतात. एकदा खांब उभे केले की त्यांच्यामागे कोणालातरी उभं करावं लागतं, आणि खांबामागे उभा राहणारा माणूस भला असून चालत नाही. आपण म्हणतो मालिकांमधल्या बायका कारस्थानी का दाखवतात. लिहिणाऱ्यांचा दोष आहेच, मी त्यांना सोडत नाही. पण अर्धा दोष त्या घराचा आहे. त्या घरात भेटायला जागाच नाही, ऐकायलाच आहे.

याउलट 'नुक्कड' आठवा. १९८६ साल, दूरदर्शन. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची मालिका. रस्त्याचा एक कोपरा, कादरभाईचं हॉटेल, हरीचं सायकल दुरुस्तीचं दुकान, गुरू इलेक्ट्रिशियन, खोपडी दारू पिऊन तिथेच. त्या कोपऱ्यावर कोणाला भेटायला निमित्त लागत नव्हतं. कोणाची नोकरी गेली की चहा संपायच्या आत सगळ्यांना कळलेलं असायचं. कळल्यावर करायचं काय, ही पुढची गोष्ट. बंगल्याच्या मालिकेला कळेपर्यंतच शंभर भाग लागतात.

आणि आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची सोसायटी, गोकुळधाम! 'तारक मेहता का उल्टा चश्मा', २८ जुलै २००८ पासून, चार हजारांच्या वर भाग झाले. तारक मेहता 'चित्रलेखा' साप्ताहिकात गुजरातीत सदर लिहायचे, त्यावर ती आधारलेली आहे. आपल्या सेक्रेटरींना आपण मागून आत्माराम तुकाराम भिडे म्हणतो हे त्यांनाही ठाऊक आहे, तेव्हा आज समोरच म्हणतो. (हशा) त्या मालिकेचं सगळं बळ तिच्या कंपाउंडमध्ये आहे. कंपाउंड आणि बाल्कन्या चित्रनगरीत, घरांचे आतले भाग दुसऱ्या स्टुडिओत. म्हणजे जेठालाल बाल्कनीत दिसतो आणि आत वळतो, तो थेट दुसऱ्या उपनगरात पोहोचतो! पण प्रेक्षक म्हणून आपल्याला ते खटकत नाही, कारण बाल्कनीतून खाली काय दिसतं आणि समोर कोण दिसतं हे पक्कं ठरलेलं आहे. सकाळी जेठालाल गॅलरीत येतो, बबिताजी समोर झाडांना पाणी घालतात, आणि खालून चंपकलाल हाक मारतात. या विनोदाला लेखक कमी आणि आर्किटेक्ट जास्त लागतो. दोन बाल्कन्यांची तोंडं विरुद्ध दिशेला केली असती तर मालिकेतला रोजचा एक प्रवेश गेला असता.

एक गोष्ट मात्र तिथे खोटी आहे, आणि तीही आमच्या सौ.नेच दाखवली. "यांच्या कोणाच्याच दाराबाहेर चपलांचा स्टँड कसा नाही हो?" आपल्या मागच्या पाच वार्षिक सभांचं इतिवृत्त काढून बघा, प्रत्येकात पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपण ना बंगल्यात राहतो ना नुक्कडवर. आपण राहतो फ्लॅटमध्ये, दार लावून. त्याचं काय? फ्लॅटची मालिका मी एकच मनापासून बघितली, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ ला सुरू झाली, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, दिलीप प्रभावळकर आबा. आबा, शेखर, श्यामला आणि दोन मुलं. घरात शिरलं की हॉल, हॉलमध्येच सगळं. रुसायला जागा नाही. कोणी रागावून आतल्या खोलीत गेलं तर दोन मिनिटांत तिथे दुसऱ्या कोणाचं तरी काम निघायचं. मला नेहमी वाटतं की त्या मालिकेत खलनायक नव्हता, कारण त्याला लपायला त्या घरात कोपराच नव्हता. यात एक गंमत अशी की शेखर टिपरे झालेले राजन भिसे हे स्वतः नामवंत नेपथ्यकार. नाटकांची घरं उभी करणारा माणूस पडद्यावरच्या त्या घरात बनियनवर वावरायचा. त्यांना त्या खुर्च्या कुठे ठेवायच्या हे कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मुलगी मँचेस्टरला असताना आम्ही दोघं तिथे तीन महिने होतो, तिथे एक नमुना पाहिला. 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाची मालिका, ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे! आधी तेराच भागांची म्हणून सुरू केली होती. एक गल्ली, एकाला एक चिकटलेली विटांची घरं, दारं थेट फुटपाथवर उघडणारी, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता, म्हणजे त्यांचा पब, आणि पेपरचं दुकान. सॅल्फर्डमधल्या एका खऱ्या गल्लीवरून ती बेतलेली. पहिली काही वर्षं स्टुडिओत प्लायची गल्ली होती, १९८२ मध्ये खऱ्या विटांची बांधली, तिचं उद्घाटन करायला राणी आली होती. माझं इंग्रजी बँकेतलं, त्यांचं मँचेस्टरचं. संवाद निम्मे कळायचे नाहीत. पण आमच्या सौ.ला गोष्ट बरोबर कळायची. ती म्हणायची, "कळायला काय लागतं? दारातून बाहेर पडलं की समोरचा दिसतो. आता भांडण होणार." लंडनच्या 'ईस्टएंडर्स'मध्येही तसंच, चौक, पब आणि कपडे धुवायचं सार्वजनिक दुकान. आज तिकडे घरोघरी वॉशिंग मशिन आहे, पण मालिकेतली माणसं मळके कपडे घेऊन त्या दुकानात येतात, कारण घरी धुतले तर बोलणार कोणाशी?

हे सगळं सेटचं झालं. खऱ्या जागेचं काय होतं तेही सांगतो, आणि त्यात मला सगळ्यात जास्त रस आहे.

शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' कर्नाटकात आगुंब्याला चित्रित केली, १९८६ च्या सुमाराला. आर. के. नारायण यांचं मालगुडी नकाशात कुठेच नाही, पण आज आपल्या मनात मालगुडी म्हणजे आगुंब्याचा पाऊस आणि तिथल्या त्या मोठ्या घराचे खांब. तीच गोष्ट आपल्या 'रात्रीस खेळ चाले'ची. २०१६ ला आली. सिंधुदुर्गातलं आकेरी, तिथला वाडा, मागची विहीर, माड आणि काळोख. भीती दाखवायला फार काही करावंच लागलं नाही. ज्यांचं बालपण कोकणात गेलंय त्यांना विचारा, रात्री परसाकडे जाताना कंदील कसा धरायचे. मुंबईच्या शेडमध्ये तो काळोख तयार करता येत नाही, कारण शेडमधला काळोख म्हणजे दिवा बंद केलेला असतो. आकेरीचा काळोख वेगळा. अंधश्रद्धा पसरवतात म्हणून त्या मालिकेवर कोकणातून आक्षेपही आले, आणि वाडा बघायला गाड्याही येऊ लागल्या. दोन्ही एकाच वेळी.

'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळ वसगड्याला एका खऱ्याखुऱ्या वाड्यात चालायची. आमच्या सौ.चं माहेर त्याच भागातलं. तोपर्यंत ती अंथरुणाला खिळली होती. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तुम्ही आळीपाळीने येऊन बसत होता. राणाचं आणि अंजलीचं काय होणार याची तिला फारशी फिकीर नव्हती. ती बघायची दार. दार ठेंगणं, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण वाकायचा. "बघा, वाकला. हे खरं घर आहे," ती म्हणायची. "सेटवरच्या दारातून ताठ जातात." दुसऱ्या कुठल्याशा मालिकेत खेड्यातलं स्वयंपाकघर दाखवलं होतं, तर तिने लगेच खोट काढली, "चुलीमागच्या भिंतीला काजळी नाही. या चुलीवर कोणी भाकरी केलेली नाही." आणि मग ती तिच्या आजीच्या चुलीबद्दल सांगायला लागायची. मालिका पुढे निघून जायची. मला पन्नास वर्षांच्या संसारात न कळलेल्या तिच्या माहेरच्या गोष्टी त्या दिवसांत कळल्या, कोणत्या खोलीत बाळंतिणी असायच्या, कोणत्या पायरीवर बसून तिने पहिलं पत्र वाचलं. पत्र कोणाचं ते मी इथे सांगणार नाही. माझंच होतं.

पुढे कथानक लांबलं आणि त्या वाड्यातही कारस्थानं शिरली, वहिनीसाहेबांची आणि इस्टेटीची. शेत मागे पडलं, माणसं आतच जास्त बोलायला लागली. तिने नाराजी नोंदवली, "वाडा तोच आहे, पण आता तो बंगल्यासारखा वापरतायत."

करोनात तर गोष्टी उघड्याच पडल्या. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं, उन्हाळा संपता संपता परवानगी मिळाली, पण नियम असा की पासष्टच्या पुढच्यांना सेटवर यायला बंदी. मालिकांमधल्या आज्या आणि आजोबा एका रात्रीत गावाला गेले नाहीतर फोनवरून बोलायला लागले. रोज रात्री सौ. विचारायची, "यांची आजी कुठाय?" मलाही ते लागलं, उगाच का होईना. त्याच सुमाराला माझीही खाली जायची बंदी झाली होती. ७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती पासष्टची अट रद्द केली. मी ती बातमी तिला मोठ्याने वाचून दाखवली, जणू खटला मीच जिंकला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण बंद झालं तेव्हा मंडळी गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबाद अशी पांगली. कारण काहीही असो, कथेतली कुटुंबं अचानक सहलीला निघाली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली आणि सहली आटोपल्या. एरवी आपण समजतो की आधी गोष्ट सुचते आणि मग जागा शोधतात. त्या दोन वर्षांत उलटं चाललेलं सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं.

आता शेवटचं, आणि ते आपल्या सेटबद्दल.

आपल्या गेटशेजारी सिमेंटचा कट्टा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने उरलेल्या सिमेंटात बांधलेला, वाकडा आहे, पावसात पाणी साचतं. येत्या सर्वसाधारण सभेपुढे तो काढून तिथे दोन गाड्यांची जागा करायचा प्रस्ताव येणार आहे. माझी गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते आणि प्रतीक्षा यादीत माझं नाव पहिलं आहे. म्हणजे त्यातली एक जागा मला मिळेल.

सौ.चा खालचा वावर बंद झाला त्यानंतर मी रोज सहाला खाली चक्कर मारून सातला वर यायचो. ती विचारायची, "आज कट्ट्यावर कोण होतं?" मी म्हणायचो, कोणी नाही, नेहमीचेच. ती चिडायची. "नेहमीचे म्हणजे कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या? कोणाशेजारी बसल्या होत्या? त्या दोघी बोलायला लागल्या का परत?" मला काही सांगता यायचं नाही. मी कट्ट्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. मग बघायला शिकलो. कोण मध्ये बसतं, कोण टोकाला, कोण उभ्या उभ्याच बोलून जातं, वॉचमनच्या मुलीला गणित कोण शिकवतं, कोणाचा जावई आला की कोणाला आधी सांगतात. तिच्या पलंगावरून खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. माझ्या त्या रिपोर्टमधून तिने सगळा कट्टा उभा केला होता. पुढे पुढे तर मी वर आलो की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. चित्र चालू, आवाज बंद, आणि माझा भाग सुरू. आठवड्याचे सातही दिवस. बँक शिल्लक नाही, रोजचं रोज.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. सहाची चक्कर चालू आहे.

तर त्या प्रस्तावाच्या विरोधात माझं मत आहे, हे मी आजच सांगून ठेवतो. कारण लिहून द्या असं सेक्रेटरींनी म्हटलं तर हेच भाषण जोडावं. प्रतीक्षा यादीत पुढचा नंबर ज्यांचा असेल त्यांनी माझ्याशी भांडायला यावं, कट्ट्यावरच यावं.

प्रश्न असतील तर चहाबरोबर विचारा. आणि खाली जाताना सगळ्यांनी एकदम लिफ्टसमोर गर्दी करू नका. जिना आहे, आणि आपला जिना खरोखर खाली जातो.